नंदूस पत्र : मातीची ओल आणि कोरलेली रेघ

वेंगुर्ले
आषाढ

प्रिय नंदू,

पत्र मिळालं, ताटल्यांचे फोटोही पाहिले. तिसऱ्या ताटलीवरची मासोळी मला फार आवडली. शेपटी एकाच ओढीत काढली आहेस, हे रेघेवरून कळतं. कडेची पांढरी खपली उडाली आणि रेघांचे काठ कुरतडल्यासारखे झाले म्हणून तू हाताला दोष देतोस. हात छान आहे रे. माती वाळली होती. लातूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली काम केल्यावर ती थांबणार तरी किती?

स्ग्राफिटोत सगळं काही ओलीवर आहे. लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, चढवायची आणि ती कोरून खालचा लाल रंग उघडा करायचा, काम एवढंच. पण स्लिप लावायची ती भांडं लेदर हार्ड असताना, म्हणजे उचललं तर वाकत नाही पण नख सहज उमटतं, अशा वेळी. पुढे दोन्ही माती बरोबरीने आकसल्या पाहिजेत. वाळलेलं भांडं आधीच आकसून बसलेलं असतं; त्यावर ओली स्लिप लावली की ती एकटीच आकसते आणि सुटते. तुझी खपली त्यातलीच. स्लिप दाट ताकासारखी ठेव, दोन-तीन हात दे, एक हात आडवा तर पुढचा उभा.

मग थांब. चकाकी गेली आणि बोट टेकवल्यावर पांढरं लागेनासं झालं की कोरायला घे. त्याआधी घाई केलीस तर टोकापुढे माती गोळा होते, काठ उचलले जातात. उशीर झाला तर रेघ तुटत तुटत जाते. खोल कोरायची गरजच नाही, स्लिपच्या जाडीइतकं पुरे. निघालेला कीस लगेच बोटाने पुसू नकोस, तो पुन्हा रेघेत बसतो. वाळू दे आणि मऊ ब्रशने काढ. फुंकर मात्र कधीही मारू नकोस. त्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि बाहेर निघत नाही. मास्क लाव, टेबल ओल्या फडक्याने पूस. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

म्हणूनच म्हणतो, पावसात इकडे ये. सगळे म्हणतात पावसाळ्यात मातीकाम होत नाही, भांडी वाळत नाहीत. साध्या भांड्यांसाठी ते खरंही आहे. पण कोरणाऱ्याला हीच हवा सोन्याची! पडवीत ठेवलेली थाळी सकाळी जशी असते तशीच दुपारीही सापडते. मनाजोगती नक्षी करायला वेळ मिळतो, चहा घेऊन येता येतं. हत्यारंही इथलीच: बारीक रेघेला माडाच्या झावळीचा हीर, जाड रेघेला मोडक्या छत्रीची काडी. मोठी जागा मोकळी करायला तेवढं तारेचं लूप टूल लागतं.

आणि ही कला आपल्याला परकी नाही. गोव्यापासून गोकर्णाकडे जाताना जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम दिसतं, ते नीट बघ. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून काढलेली वेलबुट्टी, देव, हत्ती. तिथे वर लाल आणि आत पांढरं, आपल्या थाळीत उलट; रीत तीच, आणि ओलीची घाईही तीच. इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमध्ये, बिदफर्ड आणि बार्नस्टेपलच्या खाडीकाठी, कुंभारांनी लाल मातीच्या मोठ्या सुरयांवर असंच कोरून जहाजं आणि होकायंत्रं काढली. खाडीकाठच्या माणसाला जहाजच सुचणार, यात मला मोठा आनंद वाटतो. आणि लुसी री! 1938 मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आलेली ही कुंभारकाम करणारी बाई मँगनीजच्या गडद थरावर सुईने अशा बारीक रेघा ओढायची की वाडगा उजेडात धरून बघत राहावंसं वाटतं.

तू विचारलंस की मेणाचं रेझिस्ट (मेण लावून स्लिप अडवणं), कागदाचं स्टेन्सिल, स्लिप ट्रेलिंग (नळीतून स्लिपची रेघ सोडणं) हे सगळं एकाच ताटलीवर करू का. नको. एका भांड्याला एकच रीत दे. पण मिशिमा नक्की करून बघ. त्यात आधी रेघ कोरायची, तिच्यात वेगळ्या रंगाची स्लिप भरायची आणि घट्ट झाल्यावर वरचं सगळं खरवडून टाकायचं. रेघ भांड्यात जडवल्यासारखी उरते. कोरियात या जडावकामाची मोठी परंपरा आहे. तुझ्या मासोळीच्या खवल्यांना ते शोभेल.

माती मात्र मी देईन ती घे. इथल्या मळ्यातली माती सुंदर लाल भाजते, पण खाडीजवळची असली तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो, आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका कित्येक दिवसांनी आपोआप उडतो. कावीच्या गिलाव्याला ज्या शिंपल्याने पांढरेपण दिलं, तोच मातीत शत्रू. म्हणून पातळ कालवून बारीक चाळणीतून गाळल्याशिवाय मी चाकावर घेत नाही.

भाजण्याची घाई करू नकोस. या हवेत भांडं वरून कोरडं वाटलं तरी आत पाणी असतं. भट्टी भराभर तापवलीस तर वाफ होऊन ते फुटेल. बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, साधारण 1000 अंश सेल्सिअसला काढू, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, तेही पातळ. जाड झालं की दुधाळ होतं आणि एवढ्या कष्टाच्या रेघा धूसर होतात. ताटल्यांत जेवायचं आहे, तेव्हा शिशाचं ग्लेझ कोणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नकोस.

नारळी पौर्णिमेच्या आधी ये, म्हणजे ताटल्या वाळायला सावकाश वेळ मिळेल. येताना ती खपली उडालेली ताटली कापडात गुंडाळून आण. स्लिप कुठून सुटायला लागली ते काठावर बोट ठेवून दाखवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत