शेवटचं पान तू एकटीनं वाच

सॅलफर्ड, इंग्लंड,
३० नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, माझं सगळं ठीक आहे. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि आत्या शेजारी बसलेली असते, म्हणून लिहितेय. बाबांना खुशाल वाचून दाखव. शेवटचं पान मात्र आधी तू एकटीनं वाच.

फोटोत मी वाळलेली दिसते म्हणालीस. तो फोटो बारा तासांची ड्युटी संपल्यावरचा आहे. बारा तास उभं राहिलं की तूही तशीच दिसशील. वजन उलट दोन किलोनं वाढलंय. हीटर चालू असतो, पायात मोजे असतात, रात्री दार दोनदा बघते. झालं समाधान?

मागच्या शनिवारी मी नाटक पाहिलं. हो, त्याच शनिवारी. त्याचं शेवटी लिहिते.

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात एक साठीची बाई आहे. आपल्याकडे जिला मावशी म्हणतात, तसलं काम करते. जन्म इथलाच. तिच्या ओळखीतल्या हौशी मंडळींनी ‘अ टेस्ट ऑफ हनी’ बसवलं होतं, त्याला मला घेऊन गेली. बाबांना सांग, आपल्या कामगार कल्याणच्या स्पर्धेत असायचा तसाच हॉल होता. खुर्च्या वाजणाऱ्या, आणि प्रॉम्प्टर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येणारा.

हे नाटक लिहिणारी शीला डेलनी ह्याच गावची. अकराव्या वर्षी इथे एक परीक्षा असायची. पास झालं की ग्रामर शाळा, म्हणजे पुढे शिकणाऱ्या मुलांची, नापास झालं की साधी शाळा, आणि तिथून बहुतेक जण थेट कामाला. ही त्यात नापास. पुढे कधीतरी तिला ग्रामर शाळेत घेतलं. दुकानात काम केलं, थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम केलं. मग मँचेस्टरला एका मोठ्या नाटककाराचं नाटक बघितलं आणि म्हणाली, ह्यापेक्षा बरं तर मी लिहीन. आणि खरंच लिहिलं, एकोणिसाव्या वर्षी! १९५८च्या मे महिन्यात लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका थिएटरात ते लागलं आणि पुढच्या वर्षी बड्या लोकांच्या वेस्ट एंडच्या थिएटरात गेलं. तेव्हा इथेही नाटकाला आपल्यासारखंच सेन्सॉर होतं, ते १९६८ला गेलं. गावातल्या काही जणांना तेव्हा राग आला होता, आमची बदनामी केली म्हणून. आता २५ नोव्हेंबर, तिचा वाढदिवस, गावात तिच्या नावानं पाळतात.

गोष्ट तुला आवडणार नाही. आई-मुलगी सामान घेऊन एका भाड्याच्या खोलीत येतात. खिडकीतून गॅसचा कारखाना दिसतो, खाटीकखाना जवळच. मुलगी आईला नावानं हाक मारते, ‘हेलन’! (मी मारून बघू का एकदा?) आईला दारू लागते, पुरुष लागतात, आणि त्यातल्या एकाबरोबर ती मुलीला सोडून निघून जाते. मुलीला लग्न न होता एका काळ्या खलाशापासून दिवस जातात. तिचं सगळं करतो तो एक मुलगा. त्याला बायकांत रस नाही, म्हणून त्याला घरमालकिणीनं काढलेलं. शेवटी आई परत येते आणि त्यालाच घालवून देते. बाळ काळं होणार म्हटल्यावर मात्र स्वतःच दारू प्यायला बाहेर पडते. कोण चूक, कोण बरोबर, काही सांगत नाही नाटक.

मला आठवत राहिलं ते वेगळंच. खोलीत आल्याआल्या ती पोरगी उघड्या बल्बला ओढणी गुंडाळते, उजेड डोळ्यांत नको म्हणून. आपल्या पत्र्याच्या खोलीत तू बल्बला कॅलेंडरचं पान लावायचीस, आठवतं? चिंगी झोपायची म्हणून. आणि ती बागेतून फुलझाडाचे कांदे चोरून आणते, खोलीत लावायला. लपवून ठेवते नि विसरते. पुढे कितीतरी दिवसांनी सापडतात तेव्हा मेलेले असतात. एवढंच. पण मावशी तिथे रडली. ती म्हणाली, आमच्याकडेही पडदे नव्हते, आई चादर लावायची. मला वाटायचं गोऱ्यांची गरिबी सिनेमातली असते.

आता ऐक, गंमत. नाटक सुटल्यावर ती म्हणाली, ‘घरी टी घ्यायला ये.’ मला वाटलं चहा. म्हणून वाटेत सँडविच खाल्लं, बिस्किटांचा पुडा घेतला आणि साडेपाचला गेले. टेबलावर काय, तर मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेली भलीमोठी ‘पाय’ (pie), वाटाणे, उकडलेले बटाटे, वर ग्रेव्ही! चहा होताच, पण त्याच्या जोडीला. म्हणजे ह्या भागात ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण, तेही साडेपाचला. ‘डिनर’ म्हणजे दुपारचं. शाळेत दुपारी पोरांना वाढायच्या त्या ‘डिनर लेडी’. पण आमचे वरचे डॉक्टर ‘डिनर’ म्हणतात ते रात्री आठचं, आणि दुपारचं ‘लंच’. ते दक्षिणेकडचे, पैसेवाल्या घरचे. म्हणजे तू जेवणाला काय म्हणतेस त्यावरून तुझा बाप काय करत होता ते इथे कळतं. आपल्याकडे आडनाव विचारतात, इथे जेवण विचारतात. मी तिला म्हटलं, माझे बाबा एसटीत मेकॅनिक. ती म्हणाली, मग तू टीवाली. आणि अजून बटाटे वाढले. सगळं खाल्लं गं, पानात टाकलं नाही.

आता हे तुझ्यासाठी.

शनिवारी मला ड्युटी नव्हती. नाटकाचा खेळ दुपारी दोनचा, म्हणजे तुमचे साडेसात, बरोबर पाहुणे बसलेले तेव्हा. फोन वाजत होता ते मला कळत होतं, पिशवीत हात घालून बंद केला. व्हिडिओवर आले असते तर त्यांनी विचारलंच असतं, थोरलीचं कधी. मग चिंगीसमोर तुला काहीतरी जुळवून सांगावं लागलं असतं. म्हणून आले नाही. बाबांना ड्युटीचंच सांग.

मुलगा चांगला वाटत असेल तर चिंगीचं माझ्यासाठी अडवू नका. धाकटीचं आधी झालं तर लोक चार दिवस बोलतील. पुण्याच्या स्थळाला मामांकडून नाही कळव. कारण विचारलं तर नोकरीचा करार सांग, ते खोटं नाही. तिथे कुणी आहे का, असं तू दोनदा विचारलंस. नाही. असतं तर तुला आधी सांगितलं असतं, असं लिहिलं असतं, पण ड्युटीचं खोटं सांगणाऱ्या पोरीवर तू का विश्वास ठेवशील?

ह्या महिन्यात साठ म्हणाले होते, चाळीसच पाठवतेय. घरमालक घर विकतोय, त्यामुळे नवीन खोली बघितली, तिचं डिपॉझिट भरावं लागलं. नवी खोली हॉस्पिटलला जवळ आहे, खिडकीतून कालवा दिसतो. उरलेले वीस जानेवारीत. हॉलचा ॲडव्हान्स त्यातून दे, बँकेचा हप्ता माझा मी भरतेय, त्याचा विचार करू नकोस. तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. रजेचं १५ डिसेंबरला कळेल.

चिंगीला कुठल्या रंगाची हवीय ते विचार. इथे साड्या मिळतात, पण मला इथली घ्यायची नाहीये.

तुझी,
वैशू

ता. क. डोळ्यांत थेंब रोज घाल. संपले असतील तर बाटलीचा फोटो पाठव, आत्याला न विचारता.