लिफ्टमध्ये गप्प राहिलेल्या शेजारीणबाईंना

आदरणीय शेजारीणबाई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. माझं इंग्रजी तिकीटखिडकीपुरतं आहे आणि तुमचंही, रागावू नका, त्याच्या फार पुढे नाही. मुलगी जर्मनमध्ये करून तुम्हाला वाचून दाखवेल. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी जे बोललो, ते बोलणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना मराठीच वाचता येतं. नाव घालत नाही. 'नाव कशाला' असं तुम्हीच हात झटकून म्हणाला होतात.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. आम्हाला बर्लिनला येऊन आठवडाही झाला नव्हता. नातीसाठी आलो होतो, पण मुलगी-जावई कामावर, नात झोपलेली, म्हणून मी रस्ते बघत फिरायचो. लिफ्टमध्ये तुम्ही हसून 'कसं वाटलं बर्लिन' असं विचारलंत. मला कौतुक करायचं होतं. रस्ते स्वच्छ, बस वेळेवर. मी अंगठा वर करून म्हणालो, 'व्हेरी गुड डिसिप्लिन. हिटलर, नो?'

तुम्ही हसायच्या थांबलात. बोलला काहीच नाहीत. चौथ्या मजल्याचं बटण आधीच दाबलेलं होतं, ते पुन्हा दाबलंत.

मला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना ऐकू कमी येत असेल. घरी हिला सांगितलं, तर मुलगी आतून धावत आली. 'बाबा, काय बोललात तुम्ही!' खरं सांगतो, तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं. आमच्या भुसावळला स्टेशनाबाहेर पुस्तकाच्या गाड्यावर त्या माणसाचं आत्मचरित्र 'यशस्वी कसे व्हाल'च्या शेजारी मांडलेलं असतं. ऑफिसात कडक साहेब आला की आम्ही त्याला हिटलर म्हणायचो, आणि त्यात निम्मी भीती, निम्मं कौतुक असायचं. 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य मी चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकलंय, दहा वेळा बोललोही असेन. 60 लाख ज्यू मारले हे ठाऊक होतं. पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण हे एका खिशात आणि ते दुसऱ्या खिशात, दोन्हींची कधी गाठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बेल वाजवलीत. मी भांडणाच्या तयारीने दार उघडलं. तुम्ही एवढंच म्हणालात, 'उद्या दहा वाजता. चांगले बूट घाला.'

त्या वाक्याबद्दल पहिले आभार. तुम्ही मला झापलं असतंत तर मी माफी मागून मोकळा झालो असतो, आणि घरी आल्यावर 'या लोकांना विनोद कळत नाही' असंही म्हणालो असतो.

तुमच्या भागात, म्हणजे त्या बायरिशेस फिअरटेलमध्ये, विजेच्या खांबांवर छोटे फलक लावलेत. ते मी आल्यापासून पाहत होतो. एकावर पावाचं चित्र आहे. मी दोन दिवस त्या खांबाच्या आसपास बेकरी शोधली होती, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा जराशा हसलात. मग माझ्या कोपराला धरून मला खांबाच्या पलीकडे नेलंत. मागच्या बाजूला दोन ओळी होत्या. बर्लिनमध्ये ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळात विकत घ्याव्यात. 4 जुलै 1940.

असे 80 फलक आहेत म्हणालात. रेनाटा स्टिह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी 1993 मध्ये लावलेले. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला सरकारचा एक हुकूम आणि तारीख. मांजराचं चित्र: ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, फेब्रुवारी 1942. त्याच वर्षी जूनमध्ये अंडी बंद, जुलैत ताजं दूध बंद. बुद्धिबळाच्या संघटनेतून बाहेर, गाण्याच्या मंडळातून बाहेर, हे तर 1933 मध्येच. 1939 मध्ये चौकातल्या बागेत त्यांच्यासाठी पिवळी बाकं वेगळी काढलेली. तुम्ही एकेका खांबाखाली थांबून वाचत होतात, मी तुमच्या इंग्रजीचं मनात मराठी करत होतो, आणि माझ्या पोटात हळूहळू काहीतरी ओळखीचं ढवळायला लागलं. बाई, मी 38 वर्षं रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. परिपत्रक आलं की वाचायचं, सही करायची, फाईलला लावायचं, खिडकीवर बसायचं. गाण्याच्या मंडळाबद्दलच्या परिपत्रकावर कोण भांडतो? मांजराबद्दलच्या? माझी सही त्या सगळ्यांवर झाली असती. दुपारच्या चहाच्या आत.

पुढे तुम्ही एप्रिल 1933 चा कायदा सांगितलात. ज्यू सरकारी नोकरांना कामावरून काढण्याचा. तेव्हा मी मध्येच फुटपाथवर थांबलो. तुम्हाला वाटलं, दमलो. तसं नव्हतं. आमच्या पार्सल ऑफिसात एक सीनियर होते, मूळ रेवदंड्याकडचे, बेने इस्रायल. घरात मराठी, जेवणात सोलकढी, आडनावाला शेवटी 'कर'. कोकणात त्यांच्या समाजाला शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. ते शनिवारची ड्यूटी टाळायला रविवारच्या दोन करायचे आणि आम्ही त्यांची थट्टा करायचो. माझ्या मुलीच्या बारशाला चांदीचा वाळा त्यांनी आणला होता. त्यांना मी 'ज्यू' हा शब्द कधी लावलाच नव्हता. त्या फुटपाथवर पहिल्यांदा लावला. म्हणजे आमच्या ऑफिसात पहिली चिठ्ठी त्यांना आली असती.

एका खांबावर 24 एप्रिल 1942 ची तारीख होती. ज्यूंना सार्वजनिक वाहनांत बसायला बंदी. यावर मी तुम्हाला तो प्रश्न विचारला, ज्याची मला नंतर लाज वाटली. 'ट्राममध्ये बसू देत नव्हते, तर मग लांबच्या छावण्यांपर्यंत नेलं कसं? आणि तिकीट कोण काढायचं?'

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या माणसाला तिकिटाचं पडलंय. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, 'मला माहीत नाही. मी शोधते.'

तीन दिवसांनी तुम्ही मला एस-सेव्हन लोकलने ग्रुनेवाल्ड स्टेशनवर नेलंत. बंगल्यांची, झाडांची वस्ती. स्टेशन म्हणजे आमच्या घाटातल्या एखाद्या स्टेशनसारखं टुमदार. आणि बाजूला तो 17 नंबरचा ट्रॅक. गाडी येत नाही. प्लॅटफॉर्मच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या, एकूण 186, रुळांच्या अंगाला कोरलेली अक्षरं: तारीख, किती ज्यू, बर्लिनहून कुठे. पहिली गाडी 18 ऑक्टोबर 1941 ची, वूच शहराला. पुढे रिगा, टेरेझिन, आउशविट्झ. आम्ही एका कडेने गेलो, दुसऱ्या कडेने आलो. आकडे कधी हजारात, कधी शंभरात, शेवटी शेवटी तर डझन-दीड डझन माणसं. शेवटची पट्टी 27 मार्च 1945 ची, 18 माणसं, टेरेझिन. तोवर बर्लिन पडायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. युद्ध हरलेलं, शहर बॉम्बने फुटलेलं, आणि कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी 18 माणसांच्या जाण्याची नोंद वेळेवर करत होतं. ज्या शिस्तीचं मी कौतुक केलं होतं, ती ही.

तिथल्या बाकावर तुम्ही पर्समधून चौकोनी कागद काढलात. माझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहून आणलेला. तो कागद मी जपून आणलाय, आत्ता समोर आहे. माणशी भाडं दर किलोमीटरला 4 फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क), थर्ड क्लासच्या दराने. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं. चार वर्षांखालच्यांना फुकट. 400 किंवा जास्त माणसं असतील तर ग्रुपची सवलत, निम्मं भाडं. गाड्यांना नाव 'स्पेशल'. बिल सरकारी सुरक्षा खात्याला, आणि तो पैसा पुष्कळदा ज्यूंकडूनच काढून घेतलेला. तिकीट एकेरी. बरोबर जाणाऱ्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

बाई, तुम्ही हे वाचत होतात आणि माझं डोकं, 38 वर्षांची सवय, आपोआप चालू झालं. 500 किलोमीटर धरले तर 20 मार्क. सवलतीने 10. आता मुलांचं... इथे मी थांबलो. तुम्ही विचारलंत, काय झालं. मी काही नाही म्हणालो. झालं हे होतं, की मला ते गणित जमत होतं. आमच्याकडे स्पेशल म्हटलं की आषाढीची. भुसावळहून पंढरपूरला. खिडकीवर गर्दी, पोराचं वय चोरून सांगणाऱ्या आया, 'अहो साहेब, चारचाच आहे तो!', आणि आम्ही पोराच्या उंचीकडे बघून कधी सोडून द्यायचो, कधी हाफ फाडायचो. सगळं डोळ्यांसमोर आलं. फक्त खिडकीच्या अलीकडे मी होतो आणि पलीकडे कोण, ते दिसत नव्हतं.

रिकाम्या रेकबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत. या स्पेशल गाड्यांच्या वेळापत्रकात जाणारी गाडी भरलेली आणि येणारी रिकामी, असं आधीच छापलेलं असायचं. कुठलाही रेल्वेवाला ते बघून समजेल. वऱ्हाड जातं ते परत येतं. वारकरी परत येतात. हजार माणसं नेणारी गाडी दर वेळी रिकामी परत येते, हे ज्यानं ज्यानं त्या कागदावर वाचलं, त्याला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. 'आम्हाला माहीत नव्हतं' असं युद्धानंतर पुष्कळ जण म्हणाले म्हणता. ड्रायव्हर म्हणाला असेल, केबिनवाला म्हणाला असेल. पण कंट्रोलवर बसणारा? तो म्हणाला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. एवढं मला माझ्या खात्याचं कळतं.

त्या जुन्या रुळांमध्ये झाडं वाढलीत आणि ती मुद्दाम तोडलेली नाहीत, हे तुम्ही दाखवलंत. रेल्वेच्या माणसाला रुळात झाड सहन होत नाही. ते एक सहन झालं.

नोव्हेंबरच्या 9 तारखेला तुम्ही पुन्हा बेल वाजवलीत. या वेळी हातात स्पंज आणि मलमाची ट्यूब. आपल्याच दाराबाहेर फुटपाथमध्ये पितळेचे तीन चौकोन बसवलेले आहेत, तळहाताएवढे. मी रोज त्यावरून चालत होतो. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने सुरू केलेलं हे काम, आता युरोपभर असे एक लाखावर दगड झालेत. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आपल्या दाराबाहेर आई, वडील, मुलगी. मुलीचं जन्मसाल 1931. आमच्या घरात आता कोण राहतं, तुम्हाला ठाऊक आहे. त्या मजल्यावर तेव्हा कोण राहत होतं, हे मी तुम्हाला विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

तुमच्या मलमाने पितळ काही उजळेना. तेवढ्यात आमची ही वरून खाली आली, नात कडेवर, हातात पितांबरीची पुडी. दिवाळीला समई घासायला भुसावळहून आणलेली. नात माझ्याकडे दिली, पदर खोचला, आणि सरळ गुडघ्यांवर बसली. तुम्हाला वाकता येईना म्हणून तुम्ही पाणी ओतत होतात. पाच मिनिटांत तिन्ही दगड देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारखे लखलखले. मुलीच्या दगडावर हिने जरा जास्त वेळ घासलं. नंतर तिने तुम्हाला विचारलं, 'यांचं कुणी उरलंय का?' मराठीतच विचारलं, आणि तुम्ही जर्मनमध्ये काहीतरी उत्तर दिलंत. दोघींना काय कळलं देव जाणे. पण वर येताना ती माझ्याशी बोलली नाही आणि त्या संध्याकाळी तिने समई लावली, तेव्हा दिवाळी अजून यायची होती.

तुम्ही माझी चूक चारचौघांत काढली नाहीत. माझा तिकिटाचा प्रश्न हसण्यावारी नेला नाहीत. चार दिवस, गुडघे दुखत असताना, एका परक्या माणसाला हाताला धरून फिरवलंत. त्याबद्दल आभार हा शब्द मला तोकडा वाटतो, पण आमच्याकडेही तोच आहे.

इथे परत आल्यावर टपरीवर ते जुनं वाक्य एकदा निघालंच. मी तुमचा कागद खिशातून काढला आणि अर्ध्या तिकिटाची ओळ वाचून दाखवली. चौघेही रेल्वेचे. एकाने विचारलं, 'आणि परतीचं?' मी कागद त्याच्या हातात दिला.

थंडी सरली की दगड एकदा घासायला हवेत, असं ही म्हणते. पुडी संपली असेल तर कळवा. मुलीची मैत्रीण एप्रिलमध्ये येणार आहे, तिच्याबरोबर दोन पाठवतो.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा,
भुसावळ