भाऊ एकत्र आले, गाणीही जमली

‘द ब्लॅक क्रोज’ या अमेरिकी ब्लूज-रॉक बँडचा ‘हॅपिनेस बास्टर्ड्स’ हा अल्बम मार्च २०२४ मध्ये आला. मराठी वृत्तपत्रांत त्याबद्दल काहीच वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र. ख्रिस आणि रिच रॉबिन्सन या जॉर्जियातल्या सख्ख्या भावांचा हा बँड २०१५ मध्ये त्यांच्याच भांडणातून फुटला. (भाऊबंदकी म्हणजे काय, हे आम्हा सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.) २०१९ मध्ये समेट झाला. पण नव्या गाण्यांचा अल्बम पंधरा वर्षांनी आला.

समीक्षकांनी बहुतांशी स्वागत केले. सर्वोत्तम रॉक अल्बमसाठी ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. पुरस्कार मात्र त्यांच्याहून कितीतरी म्हाताऱ्या ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडने नेला! आमच्या मित्रमंडळींत मात्र कुरकुर आहे : १९९० च्या पहिल्या अल्बमची सर नाही, तेच ते गिटार, यात नवे काय? ही तक्रार मला पटत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार खुलवणारी घोडीची घडण) लावणाऱ्याला ‘यंदा काहीतरी नवे करा’ असे कोणी सांगत नाही. रिचचे गिटार आणि ख्रिसचा खरखरीत आवाज एकमेकांना रेटत पुढे जातात, तीच तर या बँडची मजा. दहाच गाणी आहेत, पाल्हाळ नाही. लेनी विल्सन या ‘कंट्री’ (अमेरिकी ग्रामीण ढंगाचे संगीत) गायिकेसोबतचे संथ ‘विल्टेड रोज’ मला सर्वांत आवडले. एक-दोन वेगवान गाणी घाईत उरकल्यासारखी वाटतात, हे खरे.

रविवारच्या पुरवणीत अशा अल्बमांना अधूनमधून जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली