मृगाच्या आत

पुणे, २४ मे

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माळ्यावरची पुस्तकं खाली आणायचा विषय काढला की बाबा हवापाण्याचं बोलायला लागतात आणि आई, तुला नेमका तेव्हाच गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं. म्हणून लिहूनच कळवते आहे. आई, तू मोठ्यानं वाच. बाबा, तुम्ही फक्त ऐका. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून तीनच आठवडे झालेत.

येत्या रविवारी, ३१ तारखेला, सकाळी सात वाजता दोन माणसं येतील आणि माळ्यावरच्या तिन्ही पेट्या खाली उतरवतील. ऊन चढायच्या आत काम उरकेल. लोखंडी कपाट त्याच्या आधी, शुक्रवारी येतंय. पैसे मी दिले आहेत. आणि माळ्याची शिडी मामाकडे जाणार आहे.

बाबा, शिडीचं वाईट वाटेल, मला माहीत आहे. तुम्हाला चढता येत नाही असं मला म्हणायचं नाही. पण ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, आणि माळ्यावर या तिन्ही गोष्टी एकदमच होतात. डोळा पूर्ण बरा झाल्यावर तरी काय? एका हातात जिल्ह्यांच्या सरकारी माहितीचं जाड गॅझेटियर आणि दुसऱ्या हातानं शिडी धरून उतरणं चाळिशीतल्या माणसालाही अवघडच. तुमची पुस्तकं तुमच्यापासून दूर जात नाहीत, उलट पलंगापासून सहा पावलांवर येतायत. शिवाय हे तुमच्याइतकंच पुस्तकांसाठीही आहे. मी इथे दिवसभर जुन्या कागदांचीच डागडुजी करते, त्यामुळे हे मनाचं सांगत नाही.

स्लॅबखालच्या त्या माळ्यावर मे महिन्यात भट्टी पेटलेली असते. १९०० च्या पुढे-मागे छापलेल्या बऱ्याच पुस्तकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, आणि उष्णतेनं ते कागदाला आतून खात जातं. आधी कडा तपकिरी होतात, मग पान दुमडलं की पापडासारखं तुटतं. म्हणून पेट्या खाली आल्या आल्या पुस्तकं उघडायची नाहीत. मधल्या खोलीत सतरंजीवर आडवी, दोन दिवस तशीच राहू द्या. कोरडा पडलेला कागद खोलीतल्या हवेतली ओल थोडी पिऊन घेतो, मग उलटताना मोडत नाही. उन्हात तर मुळीच नको. "एक ऊन दाखवलं की कीड जाते" असं आजी म्हणायची, ते डाळींना ठीक आहे, पुस्तकांना नाही.

कपाट मधल्या खोलीत ठेवायचं, बैठकीत नाही. आई, तुला बैठकीत शोभलं असतं, पण तिथे कूलर आहे. कूलरची ओली हवा रोज सहा-आठ तास अंगावर आली की पुठ्ठे वाकतात, शिवणीत बुरशी धरते, आणि नागपुरातली निम्मी पुस्तकं अशीच जातात. पश्चिमेच्या भिंतीलाही लावू नका, ती दुपारभर तापते आणि पावसाळ्यात तिलाच ओल येते. आतली भिंत धरा, मध्ये चार बोटं जागा सोडा, खाली विटा घालून कपाट अर्धा फूट वर घ्या. तीन फुटांच्या एका फळीवर पंचवीस-तीस किलो वजन सहज होतं, म्हणून जाड गॅझेटियरं सगळ्यात खालच्या फळीवर आडवी ठेवा, एकावर एक तीनच. उभी पुस्तकं कोंबायची नाहीत, दोघांमध्ये बोट जाईल एवढी सैल असू द्या. पावसाची उघडीप मिळाली की तासभर कपाटाची दारं उघडी टाकायची.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. आईच्या दम्याला त्या वाईट. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच तर सावलीत पुरता वाळवून, फडक्यात बांधून. ओला पाला ठेवला तर वर ओलच वाढते.

पेटी उघडताना काय दिसतं ते आई, तू सांग, बाबांना वाकू देऊ नकोस. तोंडाला ओला रुमाल बांध. पानांचा वरचा थर खरवडल्यासारखा, वेड्यावाकड्या आकारात गेलेला असेल तर ती कसर. ती खळीच्या वासानं पुस्तकाच्या पाठीत शिरते. आरपार बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेऱ्याची अळी. पेटीच्या कोपऱ्यात मातीची नळी दिसली तर वाळवी, आणि मग ती पेटी घरात ठेवायचीच नाही, अंगणात नेऊन मला फोन करायचा. कसर किंवा अळी जिवंत दिसली तर ते पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधायचं आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे. आई, वाटाण्यांशेजारी पुस्तक तुला पटणार नाही, पण दुहेरी पिशवीतून काही बाहेर येत नाही. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी सोडायची नाही, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि कीड गेली तरी बुरशी येते.

आता बाबा, तुम्हाला लागेल ते. अकरा पुस्तकं अशी आहेत की ती तुम्ही यापुढे उघडू नयेत असं मी ठरवलंय. दिवाळीत त्यांचे सगळे फोटो काढून नेले होते, तुम्हाला वाटलं नुसती यादी करते आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं. त्यांच्या मोठ्या अक्षरातल्या प्रती करून पाठवते आहे, बिनचकाकीच्या पिवळसर कागदावर, म्हणजे दिव्याची तिरीप डोळ्यात जाणार नाही. मूळ पुस्तकाचा पान क्रमांक प्रत्येक पानाच्या डोक्यावर घातलाय, म्हणजे तुमच्या टिपणांच्या कार्डांवरचे जुने संदर्भ तसेच चालतील. मागे घडी घातलेले नकाशे होते, ते तुकड्यांत छापलेत. मूळ नकाशे घडीवर फाटत आलेत, ते आता परत उघडू नका. मूळ पुस्तकं कुठेही जात नाहीत. सुती पट्टीनं बांधून, पांढऱ्या कागदात गुंडाळून तिथेच, मधल्या फळीवर राहतील. हात लावावासा वाटला तर लावा. त्यातल्या एकात पिंपळाचं जाळीचं पान आहे, दुसरीत असताना मी ठेवलेलं. पानांचा डाग कागदावर पडतो म्हणून सगळीकडची काढायला सांगणार आहे, पण ते राहू द्या.

तुमचं वर्धा नदीच्या काठाचं टिपण थांबू नये म्हणून प्रती त्याच क्रमानं लावल्यात. सर्वांत वर १८७० ची दोन गॅझेटियरं, ग्रँटचं मध्यप्रांताचं आणि लायलचं वऱ्हाडाचं. ती दोन्ही शेजारी उघडून वाचायची, कारण नदीच्या दोन काठांवर बसून लिहावीत तशी ती आहेत. इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरच्या भोसल्यांच्या हातून गेला. पुढे नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, पण वऱ्हाड १८५३ पासून वेगळ्याच व्यवस्थेत होतं, आणि मध्यप्रांताला ते जोडलं गेलं १९०३ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या वऱ्हाडी गावाची माहिती मध्यप्रांताच्या कागदांत शोधून सापडत नाही, ती हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या दप्तरात असते. तुम्ही यवतमाळकडच्या गावांवर महिनाभर अडलात ते बहुधा याच कारणानं. त्या वेळी जिल्ह्याचं नावही वणी होतं, आणि इंग्रजी सूचीत ते "डब्ल्यू" खाली "वून" असं आहे. अचलपूर "ई" खाली एलिचपूर, वाशिम "बी" खाली बासिम. चंद्रपूर म्हणजे चांदा. तशी एक यादी करून पहिल्या प्रतीच्या आतल्या पुठ्ठ्याला लावली आहे.

तीन नावांची गल्लत मात्र यादीनंही सुटत नाही. देवगाव, देवगड, देवगिरी. तह झाला ते देवगाव वऱ्हाडातलं. गोंड राजा बख्त बुलंद शाहाचं देवगड छिंदवाड्याकडचं. देवगिरी दौलताबादची. जुन्या इंग्रजी छपाईत पहिली दोन इतकी सारखी लिहिलेली आहेत की आधीचं-नंतरचं वाक्य वाचल्याशिवाय कार्डावर उतरवायचं नाही.

सनांचंही सांगते, कारण मागच्या पंचवीस कार्डांपैकी चारांत मला नऊ वर्षांचा फरक दिसला. चूक तुमची नाही, छापील पुस्तकातच "फसली", म्हणजे महसुलाचा सन, अशी तळटीप आहे. कागदावर "अर्बा मयातैन व अलफ" असेल तर चार, दोनशे, हजार, म्हणजे १२०४, आणि तो अरबी सन आहे. त्यात ५९९ मिळवायचे, १८०३ येतात. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. दक्षिणेकडची फसली समजून ५९० मिळवले की १७९४ येतात, आणि तेव्हाही नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसलेच होते, म्हणून चूक डोळ्याला खुपत नाही. उत्तरेकडची फसली आणखी दोन वर्षांनी वेगळी. नागपूर दोन्हींच्या मध्ये, त्यामुळे नुसतं "फसली" दिसलं तर शक किंवा तिथी-वार जुळल्याशिवाय इसवी सन लिहायचा नाही. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडवा ७९. आणि आई, वाचून दाखवताना अर्बा आणि अर्बैन, खमस आणि खमसैन नीट उच्चार. एक चार, एक चाळीस. एक पाच, एक पन्नास.

गाविलगडाचं १८०३ चं प्रकरण दोन्ही बाजूंनी वाचा, एवढंच माझं म्हणणं. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर, गड पडला १५ डिसेंबर, तह १७ डिसेंबर. इंग्रज सेनापती वेल्स्लीकडच्या कागदांत तारखा पक्क्या, पण माणसांची नावं ओळखू येऊ नयेत इतकी मोडलेली. मराठी बखरींत नावं, नाती, कोण कुणाच्या बाजूला, ते जिवंत असतं, पण सैन्याचे आकडे फुगलेले. दोन आकडे आले तर मधला काढू नका. दोन्ही लिहा आणि समोर कुणी सांगितलं ते लिहा.

वाचायला बसायचं ते पोथीचं व्यासपीठ घेऊन. देवघरातलं शिसवीचं आहे तेच. पुस्तक त्यावर अर्धवट उघडं राहतं, पाठ मोडत नाही, तुमची मानही वाकत नाही. दिवा डाव्या खांद्यामागून. वीस मिनिटं वाचलं की उठून अंगणातल्या पेरूकडे पाहून यायचं. नवा चष्मा इतक्यात करू नका, नंबर बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर उभ्या स्टँडचं भिंग पाठवते. टिपणं शिसपेन्सिलीनं, मऊ, बॉलपेन नाही. वर्तमानपत्राची कात्रणं पुस्तकात ठेवायची नाहीत, त्यांचा तपकिरी डाग समोरच्या पानावर उमटतो. आणि बाबा, बोट जिभेला लावून पान उलटायची सवय सोडा. जुन्या बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घातलेला असतो, तो पोटात जातो. वरच्या कोपऱ्याला हात घाला आणि सावकाश उलटा. फाटलं तर चिकटपट्टी लावायची नाही, चिठ्ठी घालून ठेवा, मी आले की खळ आणि पातळ कागद लावते.

आई, तुझा पलंग हलणार नाही. कपाट आलं तरी तुझ्या शिलाई मशीनपासून खिडकीपर्यंतची वाट मोकळी राहते, मी मोजून घेतलंय. पेट्या उतरवायच्या दिवशी तू मागच्या अंगणात बस, माणसांना चहा दुसऱ्या कुणी करेल. दुपारी फरशी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. त्या दिवशी स्वयंपाक करू नकोस, डबा सांगितलाय, बिनमिरचीचा, बाबांना वेगळी भाजी आहे.

बाबा, मला खांद्यावर बसवून तुम्ही सीताबर्डीच्या किल्ल्याकडे बोट दाखवायचात, आणि मी विचारायचे की आत कोण राहतं. तेव्हा तुम्ही कधी "तुला कळणार नाही" म्हणाला नाहीत. तसंच आता मी सांगते ते ऐका ना.

कपाट आलं की फळ्यांची उंची मोजून कळवा, गॅझेटियरं आडवी बसतात का ते मला पाहायचंय.

तुमची,
बेबी

ता. क. दोन प्रकारचे थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये पाच मिनिटं. आई, घड्याळ बघून.