‘दऱ्यां’चा ‘दर्या’ झाला तेव्हा

मा. संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उपयोजित कलेच्या शिक्षणावर आलेला लेख आम्हा विद्यार्थ्यांमध्ये बराच वाचला गेला. आजच्या मुलांना सॉफ्टवेअर येते पण रचना येत नाही, आणि समाजमाध्यमांसाठी फुटकळ चित्रे करण्याच्या नादात त्यांचे मूळ शिक्षण मागे पडते, असा त्या लेखाचा आशय होता. पहिल्या अर्ध्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र माझा अनुभव नेमका उलटा असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यातील एका कलामहाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकते. गेले आठ महिने सह्याद्रीतल्या घाटवाटांविषयीच्या एका मराठी पॉडकास्टची प्रसिद्धिचित्रे मी करते. मैत्रिणीचे काका आणि त्यांचे दोन मित्र तो चालवतात. दर शुक्रवारी सकाळी नवा भाग येतो, म्हणजे गुरुवारी रात्री चित्रे तयार असावी लागतात. ‘फुटकळ’ हा शब्द ज्या कामांना लावला जातो त्यांपैकीच हे एक, हे मला मान्य आहे.

आमच्याकडे सॉफ्टवेअर शिकवतात ते असे. पहिल्या वर्षी एक सत्र, आठवड्यातून दोन तासिका. एखादे बोधचिन्ह जसेच्या तसे गिरवायचे, काल्पनिक साबणाचे वेष्टन करायचे, आणि मजकुराच्या जागी लॅटिन भरताड, म्हणजे जागा भरण्यापुरता अर्थहीन मजकूर, टाकायची. देवनागरी आम्ही शिकतो ती सुलेखनाच्या वर्गात, बोरू आणि शाई घेऊन, आणि ती आम्हाला उत्तम शिकवली जाते. पण सुलेखनाच्या वर्गातून संगणककक्षात गेलो की सगळे इंग्रजीत सुरू होते, आणि या दोन खोल्यांच्या मधली भिंत तीन वर्षांत कोणी ओलांडताना मी पाहिले नाही. सरावाच्या एकाही कामात मी पडद्यावर मराठी शीर्षक बसवले नव्हते. तरीही त्या विषयात मला चांगले गुण होते.

पॉडकास्टचे मुखचित्र हे माझे पहिले काम. ॲपलच्या नियमाप्रमाणे ते चौरस असावे लागते, किमान 1400 गुणिले 1400 आणि कमाल 3000 गुणिले 3000 पिक्सेल. मी तीन हजारांचे घेतले आणि एवढी ऐसपैस जागा मिळाल्याच्या आनंदात तीत घाटाचे छायाचित्र, सहा शब्दांचे शीर्षक, तिन्ही निवेदकांचे चेहरे आणि कोपऱ्यात एक माइक असे सगळे बसवले. (लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसा पॉडकास्टच्या मुखचित्रावर माइक असतो, गणपतीला निदान कारण आहे.) दुसऱ्या दिवशी काकांनी ते फोनवर उघडले. ॲपच्या यादीत ते अंगठ्याच्या नखाएवढे दिसत होते आणि त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. शिवाय मामांच्या छापखान्यात सुट्टीत काम केल्यामुळे सवयीने मी फाइल छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, केली होती, आणि पावसाळ्यातल्या डोंगराचा हिरवा रंग शेवाळासारखा मळकट झाला होता. आरजीबी, म्हणजे पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा हे रंग, आणि सीएमवायके यांतला फरक मी परीक्षेत अर्धे पान लिहिला होता. तो समजला मात्र त्या दिवशी.

मुखचित्र एकदाच करायचे असते. खरे काम दर आठवड्याचे. प्रत्येक भागाचे चित्र चार मापांत लागते: 1080 गुणिले 1080 चा चौरस, 1080 गुणिले 1350 चे उभे, इन्स्टाग्रामच्या स्टोरीसाठी 1080 गुणिले 1920, आणि यूट्यूबसाठी 1280 गुणिले 720 चे आडवे. सुरुवातीला मी चार वेगवेगळ्या फायली करीत असे. एका गुरुवारी रात्री अकरा वाजता पाहुण्यांचे आडनाव चुकल्याचे कळले, मी तीन ठिकाणी दुरुस्त केले आणि चौथे तसेच गेले. त्यानंतर मी आर्टबोर्ड (एकाच फाइलमधली वेगवेगळ्या मापांची पाने) म्हणजे काय, आणि एकाच जागी बदल केला की सगळीकडे बदल व्हावा अशी मांडणी कशी करतात, हे नीट बसून शिकले. आमच्या सरांनी ते पहिल्या वर्षी शिकवले नव्हते असे मुळीच नाही. शिकवले होते, पण साबणाच्या वेष्टनाची रात्री अकरा वाजता कोणी वाट पाहत नाही.

मात्र ज्याने मला खरोखर सॉफ्टवेअरच्या पोटात शिरायला लावले, ते मराठी अक्षर. महाविद्यालयातल्या जुन्या आवृत्तीच्या फोटोशॉपमध्ये मी ‘सह्याद्रीतील शिवकालीन वाटा’ असे शीर्षक टाकले, तर ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरे फुटून त्यांचे पाय मोडलेले दिसू लागले. मी फॉन्टला दोष दिला आणि एकामागून एक सात फॉन्ट बदलले. दोष फॉन्टचा नव्हताच. त्या आवृत्तीत मजकूर मांडणारी यंत्रणा मुळात युरोपीय लिप्यांसाठीची निवडलेली असते, आणि प्राधान्यक्रमांत (‘प्रेफरन्सेस’मध्ये) जाऊन ती दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची करावी लागते. इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिप्यांचे पर्याय आधी दिसते करावे लागतात आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे सर्व लिप्या जाणणारी मांडणी-यंत्रणा, निवडावा लागतो. नव्या आवृत्त्यांत हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे, परंतु महाविद्यालयांतले संगणक नव्या आवृत्त्यांवर चालत नाहीत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गंमत अशी की माझ्या लॅपटॉपवरच्या इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरने तेच शीर्षक पहिल्या फटक्यात बिनचूक मांडले होते.

अक्षरे जागेवर आली तरी त्यांचे स्वभाव निराळे असतात. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये थोडे अंतर सोडले की ते रुबाबदार दिसते, म्हणून मी मराठीतही सोडले, आणि शिरोरेषा पडक्या दातांसारखी जागोजागी तुटली. अक्षरांना बाहेरून रेघ दिली, तर शिरोरेषेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे आतल्या रेघाही दिसू लागल्या. अक्षरांचे आकारांत रूपांतर करून ते सगळे आधी एकसंध करावे लागतात, हे त्यातून कळले. दोन ओळींमधले अंतर सॉफ्टवेअर आपण होऊन अक्षराच्या मापाच्या 120 टक्के ठेवते. रोमन लिपीला ते पुरते, आमच्याकडे मात्र वरच्या ओळीतला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या ‘ै’ला जाऊन भिडतो. यांतली कोणतीही गोष्ट मला धड्यातून कळली नाही. प्रत्येक वेळी मजकूर खरा होता, लांबी ठरलेली होती, आणि तो बदलून सोयीचा शब्द घेण्याची मुभा मला नव्हती.

एक चूक मात्र चारचौघांत झाली. विसाव्या भागाचे नाव होते ‘सह्याद्रीच्या दऱ्या’. मी ते घाईत पुन्हा टंकले आणि चित्रावर गेले ‘सह्याद्रीच्या दर्या’. एका श्रोत्याने विचारले की सह्याद्रीत समुद्र कधीपासून आला. र, हलन्त आणि य असे साधे टंकले की रफार होतो. डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा आपला अर्धा र हवा असेल तर युनिकोडमधला, म्हणजे संगणकावरच्या जागतिक अक्षर-संकेतातला, वेगळा ‘ऱ’ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, मिळतो. आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आणि आचार्यांना दिलेली दक्षिणा यांतला फरक एवढ्या एका कळीवर अवलंबून आहे, आणि तो हिंदीत नसल्यामुळे हिंदी गृहीत धरून बनलेल्या साधनांमध्ये कोणी आवर्जून दाखवत नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावेत असे महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात सांगितले आहे. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही, आणि काही सॉफ्टवेअर सांगूनही ऐकत नाहीत. तेव्हा ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षराकृतींच्या, तक्त्यातून ते एकेक निवडावे लागते. एवढा खटाटोप कशाला, असे माझ्या वर्गातले मित्र विचारतात. लिंगाणा, शिवनेरी अशी नावे दर आठवड्याला चित्रावर येत असताना ती आपल्या वळणाची दिसावीत एवढेच माझे उत्तर आहे.

हे सारे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. साताऱ्याजवळ त्यांचा छोटा छापखाना आहे, आणि गेली पंचवीस वर्षे ते कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपीचे जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरून लग्नपत्रिका करतात. “अगं, आम्हीही असंच शिकलो,” ते म्हणाले, “गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं.” त्यांच्या जुन्या फायली माझ्या संगणकावर उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो, कारण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले चित्र असे. त्या अडचणीतून मराठीला बाहेर काढणाऱ्यांत आपलीच माणसे आहेत. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे खुले केले. माझी बहुतेक चित्रे ‘मुक्त’मध्येच आहेत. या नावांची ओळख मला संगणककक्षात व्हायला हवी होती. ती फॉन्ट शोधताना झाली.

आता लेखकमहाशयांच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगते. दहाव्या भागाच्या सुमारास माझा साचा इतका पक्का झाला होता की पुढचे पाच-सहा आठवडे मी फक्त छायाचित्र आणि नाव बदलत होते. वीस मिनिटांत काम होत होते आणि त्या काळात मी काहीही शिकले नाही. कॅनव्हा या संकेतस्थळावरचे तयार साचे वापरणाऱ्यांचे तर पहिल्या दिवसापासून हेच होते. मला त्यातून बाहेर काढले ते आमच्या मुद्राक्षरकलेच्या बाईंनी. त्यांनी सगळी चित्रे छापून एका भिंतीवर लावायला सांगितली आणि एवढेच विचारले की यांतला कोणता भाग घाटाविषयी आहे आणि कोणता किल्ल्याविषयी, हे अक्षरे झाकून ओळखता येते का. येत नव्हते. सॉफ्टवेअर कामाने शिकवले, पण हा प्रश्न कामाने विचारला नसता. त्याला शिक्षकच लागतो.

दुसरी गोष्ट पैशांची. ‘तुझे नाव होईल’ या बोलीवर विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या वर्गातल्या काही जणांनी महिनोन्‌महिने असे राबून शेवटी अभ्यास बुडवला आहे. मी पहिले चार भाग विनामोबदला केले, कारण मला काही येत नव्हते. पाचव्यापासून भागाला चारशे रुपये आणि दुरुस्तीच्या जास्तीत जास्त दोन फेऱ्या असे ठरले. रक्कम मोठी नाही. पण फेऱ्या ठरल्यामुळे मजकूर मला वेळेवर आणि शुद्ध मिळू लागला.

म्हणून कलामहाविद्यालयांच्या चालकांना आणि अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी अशा एका चालू कामाला सत्रकार्य म्हणून मान्यता द्यावी, ते किमान दहा आठवडे चाललेले असावे, त्यात मराठी मजकूर असावा, आणि महिन्यातून एकदा ते भिंतीवर लावून त्यावर शिक्षकांसमोर चर्चा व्हावी. आमच्या शहरांत आणि तालुक्यांत पॉडकास्ट करणारे, ग्रंथालये चालवणारे, नाट्यस्पर्धा भरवणारे कितीतरी लोक आहेत ज्यांना दर आठवड्याला चित्र लागते. आणि संगणककक्षातल्या पहिल्याच तासिकेला लॅटिन भरताडीऐवजी एखादे मराठी वाक्य द्यावे, ज्यात ऱ, ल, श आणि दोन-तीन अवघड जोडाक्षरे असतील. याला खर्च शून्य आहे.

जाता जाता एक लहानशी तक्रार. ज्या लेखावर मी हे पत्र लिहीत आहे, त्याच्या शीर्षकातील ‘कला’ या शब्दाचा ‘ल’ आपल्या छापील अंकात मराठी वळणाचा आहे. आपल्या संकेतस्थळावर मात्र तो दंडाचा, हिंदी वळणाचा दिसतो. पानाची भाषा तिथे बहुधा हिंदी नोंदवली गेली असावी. आपल्या तंत्रविभागाने एकदा तपासून पाहावे.

आपली विश्वासू,
उपयोजित कलेची एक विद्यार्थिनी,
पुणे