सरांना मेल लिहिताना

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

प्रबंधाबद्दल सरांना विचारायचं आहे, पण 'उगाच त्रास दिल्यासारखं होईल' म्हणून तू थांबली आहेस. 'आदरणीय' आणि 'कृपया' चारदा लिहून तो त्रास कमी होत नाही. त्यांना उलट विचारावं लागू नये इतकी माहिती प्रश्नातच दे, म्हणजे झालं.

'बेरोजगारीचा दर किती धरू?' याला उत्तरच नाही. पीएलएफएसच्या (सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या) 2023-24 च्या अहवालात 15 वर्षं व त्यावरील वयोगटासाठी सामान्य स्थितीनुसार दर 3.2 टक्के आहे, चालू साप्ताहिक स्थितीनुसार 4.9. दोन्ही बरोबर. पहिल्यात मागचं वर्षभर पाहतात, दुसऱ्यात मागचे सात दिवस. तेव्हा असं लिही: 'सर, मी सामान्य स्थितीचा दर घेतला आहे. पण माझा विषय हंगामी शेतमजुरीचा. बिगरहंगामातली बेकारी यात झाकली जाते असं वाटतं. साप्ताहिक दर घ्यावा का?' यात तू काय केलंस आणि कुठे अडलीस, दोन्ही आलं. सर एका ओळीत उत्तर देऊ शकतील.

मेलच्या विषयात नुसतं 'शंका' नको. 'एमए भाग 2, प्रबंध: बेरोजगारीची व्याख्या' असं हवं. तक्ता एक्सेलमध्ये जोड. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोतले आकडे कोणी वाचत बसत नाही. एका मेलमध्ये एकच प्रश्न. आठवडाभर उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली एका ओळीची आठवण कर. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'सर, मेल बघितला का?' मात्र नको.

उत्तर आल्यावर वर्गाच्या ग्रुपवर जरूर सांग, पण सरांच्या मेलचा स्क्रीनशॉट त्यांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. स्वतःच्या शब्दांत लिही. आकडा देताना अहवालाचं वर्ष, तक्ता क्रमांक, वयोगट आणि स्थिती सोबत हवीच. या अहवालाचं सर्वेक्षण जुलै 2023 ते जून 2024 या काळातलं होतं, हेही लिही. नाहीतर दोन-तीन फॉरवर्डनंतर 4.9 हा '2024 चा दर' होतो आणि निम्मा वर्ग तोच प्रबंधात घालतो. कोणी चूक दाखवली तर जुना मेसेज गुपचूप पुसू नकोस; खाली दुरुस्ती लिही, कारण तोवर कोणीतरी तो उतरवून घेतलेला असतो.

मेलचा मसुदा झाला की मला पाठव.

तुझी आई