फोटोखाली वर्तमानपत्र चिकटवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सुटीच्या पुरवणीत घरच्या घरी स्क्रॅपबुक कसं करावं याची कृती आली होती. पान सुबक होतं, मांडणी मोहक होती. पण त्यातल्या तीन सूचना वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. पानाला पार्श्वभूमी म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवा, फोटो सेलोटेपने लावा आणि खाली रंगीत स्केचपेनने नावं लिहा, असं त्यात सांगितलं होतं. हे तंतोतंत करणाऱ्यांच्या हाती काही वर्षांनी डागाळलेले फोटो आणि उडालेली नावं येतील. सुटीतला विरंगुळा म्हणून हरकत नाही, पण लेखाचं शीर्षक आठवणी जपण्याबद्दल होतं.

माझी नोकरी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात झाली. सुटलेली पानं शिवायची, पुठ्ठे बदलायचे, खळ ढवळायची, हा पोटापाण्याचा उद्योग. संध्याकाळी घरी येऊन स्क्रॅपबुकची पानं, छोटे अल्बम आणि भेटकार्डं करायची, हा छंद. दिवसभर कागद हाताळून घरी पुन्हा कागदच कसा सुचतो, असं घरचे विचारत. कारण सोपं होतं. नोकरीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका निस्तरत होते. घरी त्या होऊच न देण्याची संधी होती.

वर्तमानपत्राच्या कागदाबद्दल वर्तमानपत्रालाच सांगणं आगाऊपणाचं आहे, तरी सांगते. हा कागद मुख्यतः लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन त्यात तसंच राहतं. त्याला उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, सोबत आम्ल तयार होतं आणि आम्लाने कागदाचे तंतू तुटत जातात. सकाळी वाचून रद्दीत जाणाऱ्या कागदाचं त्यात काही बिघडत नाही. पण हे आम्ल एका जागी बसून राहत नाही, शेजारच्या कागदात उतरतं. जुन्या पुस्तकात कुणी घडी करून ठेवलेलं कात्रण बाहेर काढलं की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर बरोबर त्या कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटलेला असतो. माझ्या टेबलावर अशी पुस्तकं नेहमी यायची. तो चौकोन खोडरबराने जात नाही, कशानेच नीट जात नाही. आता त्या पानाच्या जागी आजोबांचा एकुलता एक फोटो आहे अशी कल्पना करा.

बातमी पानावर हवीच असेल तर मार्ग आहे. आम्लविरहित कागदावर तिची झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा. काळ्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो सहसा फिका पडत नाही. मूळ कात्रण पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून फोटोंपासून वेगळं ठेवा. हीच गोष्ट तिकिटांची आणि पावत्यांची. हल्लीची बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापतात. त्यात शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. काही दिवस ती झकास दिसतात, मग अक्षरं विरत जातात आणि पानावर कोऱ्या चिठोऱ्या राहतात. सहलीहून आल्या आल्या त्यांची झेरॉक्स काढून घ्यावी.

सेलोटेपबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो. त्याचा चिकट थर आधी पिवळा पडतो, मग पातळ होऊन कागदात झिरपतो आणि शेवटी वाळून वरची पट्टी आपोआप सुटते. पट्टी जाते, डाग राहतो. सायकलचं पंक्चर काढायला वापरतात तसलं रबर सोल्युशन फोटोला त्याहून वाईट, कारण त्यातलं गंधक कृष्णधवल फोटोतल्या चांदीवर परिणाम करतं. माझी पहिली पसंती फोटो कॉर्नरला. चारही कोपरे कागदी कोनात अडकतात, फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही आणि उद्या फोटो काढून पाठीमागचं लिखाण वाचायचं असेल तर वाचता येतं. बाकीच्या कागदांना आम्लविरहित दुहेरी टेप पुरते. पाण्याचा गोंद मोठ्या कागदावर लावला की कागद फुगतो आणि वाळताना पान वाकडं होतं. पुठ्ठ्याच्या कामाला मात्र खळ किंवा पांढरा गोंदच हवा, तिथे टेपचं काम नाही.

आयत्या गोंदाचा मोह जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं, त्यात पानांवर आधीच गोंदाच्या पट्ट्या होत्या. पट्टी ओली करायची आणि कात्रण दाबायचं. शंभरेक वर्षांनी त्याच सोयीचा नवा अवतार घरोघरी पोचला. जाड पान, त्यावर चिकट रेघा आणि वरून उचलता येणारा प्लास्टिकचा पापुद्रा. वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात असा एखादा अल्बम असेल. त्याचा पुठ्ठा आम्लयुक्त, पापुद्रा बहुतेकदा पीव्हीसीचा, आणि पीव्हीसी जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. म्हणजे फोटो दोन्हीकडून कोंडीत. असा अल्बम सापडला तर आधी प्रत्येक पानाचा, आहे त्याच स्थितीत, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. निघाला तर उत्तम. अडला तर थांबा. ओढलेला फोटो फाटतो, चिकटलेला फोटो निदान दिसत तरी राहतो.

दुकानात कागद घेताना वेष्टनावर ‘आम्लविरहित’ आणि ‘लिग्निनविरहित’ हे दोन्ही उल्लेख शोधावेत. एक असून भागत नाही. फोटोसाठी याहून कडक कसोटी आहे, तिला ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ म्हणतात. आयएसओ १८९१६ या मानकात ती दिली आहे. कागद, गोंद किंवा शाई संवेदनशील फिल्मला लावून ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के दमटपणात १५ दिवस ठेवतात, आणि फिल्म फिकी पडली किंवा डागाळली का ते पाहतात. ज्या वस्तूवर या चाचणीचा उल्लेख असेल ती डोळे मिटून घ्यावी. प्लास्टिकची पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची असावीत. उघडल्यावर नव्या रेक्झिनचा वास आला तर ती परत ठेवून द्यावीत.

हा सगळा मला निवृत्तीनंतर जडलेला सोवळेपणा आहे असं कुणाला वाटेल. पण आज जो छंद आपण ओळखतो तो पसरला तोच टिकवण्याच्या हट्टातून. अमेरिकेतल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या नोंदी आणि फोटो संरक्षक पाकिटांत घालून पन्नासेक खंड तयार केले होते. १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या अभिलेखांच्या जागतिक परिषदेत ते मांडले, आणि लोक विचारू लागले की हे कसं करायचं. फुलं, चमकी, रिबिनी आणि साचे कापणारी यंत्रं या वाटेवर नंतर आली. मला त्यांचं वावडं नाही, माझ्याकडेही कोपरे गोल कापणारा पंच आहे आणि तो वापरताना मी लहान मुलीइतकी खूश असते. पण एका मैत्रिणीकडे रंगीत कागदांनी भरलेलं कपाट आहे आणि पूर्ण झालेलं पान एकही नाही. कागद इतका सुंदर आहे की कापवत नाही, म्हणते.

माझं पान बारा बाय बारा इंचांचं असतं, म्हणजे साधारण साडेतीस सेंटीमीटर चौरस. त्यावर एक मोठा फोटो, फार तर दोन लहान, आणि एक सलग रिकामी जागा. ही जागा मी सर्वात आधी ठरवते, कारण तिथे लिहायचं असतं. आपल्या लेखात लिखाणाला शेवटची एक ओळ होती, तीही नावं आणि तारीख टाका एवढीच. माझ्या मते पानाचा जीव तिथेच असतो. माझ्या एका पानावर यजमान उघड्या रेडिओपुढे बसले आहेत. हातात पेचकस, समोर स्क्रूंचा ढीग, चेहऱ्यावर विलक्षण आत्मविश्वास. खाली मी लिहिलं आहे: “खरखर येते म्हणून उघडला. संध्याकाळपर्यंत खरखरही बंद झाली.” फोटो अगदी सामान्य आहे, अर्धा अंधारात. तरी घरातलं प्रत्येक मूल ते पान उघडतं आणि आजोबांना त्याबद्दल छेडतं. त्याखाली नुसती तारीख असती तर ते पान उलटून पुढे गेले असते. छान, सुंदर, अविस्मरणीय हे शब्द मी लिहीत नाही. कोण रुसलं होतं, कुणाची चप्पल कुणाच्या पायात होती, फोटो काढणारा कोण होता (तो नेहमी फोटोबाहेर राहतो), हे लिहिते.

आणि ते स्केचपेनने नाही. स्केचपेनमधला रंग विरघळलेला असतो, उजेडात तो झपाट्याने फिका पडतो आणि पाण्याचा हात लागला की पसरतो. पिगमेंट शाईचं पेन घ्यावं. तिच्यात रंगाचे न विरघळणारे कण असतात आणि ते पाण्याला व उजेडाला सहसा दाद देत नाहीत. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिलं तर अक्षरं पुढून उठून दिसतात, म्हणून नावं पानावरच लिहावीत. अक्षर वाईट आहे म्हणून पुष्कळ जण छापील मजकूर चिकटवतात. असू दे वाईट. आईच्या हिशेबाच्या वहीतलं तिचं वेडंवाकडं अक्षर मला तिच्या कुठल्याही फोटोइतकं जवळचं आहे.

छोट्या अल्बमबद्दल आपल्या लेखात अर्धं वाक्य होतं आणि तिथेच नवशिके फसतात. पानं आधी शिवून घेतात आणि मग त्यावर फोटो, कार्डस्टॉक म्हणजे कार्डाचा जाड कागद, खिसे, फिती चढवत जातात. शेवटी अल्बम तोंड वासून बसतो, मिटतच नाही. बांधणीत यावर जुना उपाय आहे. कण्याजवळ दोन पानांच्या मध्ये कागदाची अरुंद पट्टी, गार्ड, शिवून घ्यायची. फोटोंनी पुढची बाजू जेवढी जाड होणार तेवढी जाडी मागेही आधीच भरून ठेवायची. ते जमत नसेल तर कड्या लावाव्यात, किंवा लांब पट्टीला नागमोडी घड्या घालून दोन टोकांना पुठ्ठे चिकटवावेत. हा घडीचा अल्बम मुलांनाही जमतो आणि टेबलावर उभा राहतो.

घडी मात्र कागदाच्या कलाने घालावी. यंत्रावर कागद तयार होताना तंतू बहुतांशी एका दिशेला झोपतात. कार्डस्टॉक दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला की एका दिशेला तो सहज वाकतो. घडी त्या बाजूने. उलट घातली तर घडीवर कागद फुटतो आणि आतला पांढरा तंतू दिसतो. आधी पट्टी लावून बोन फोल्डरने, म्हणजे घडी दाबायच्या बोथट पातीने, रेघ दाबावी. रेघेच्या मागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आत ठेवावा.

भेटकार्डांना यातले बहुतेक नियम मी लावत नाही. ए-फोर कार्डस्टॉक आडवा अर्धा कापून प्रत्येक तुकडा दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डं होतात आणि ती सी-सिक्स पाकिटात नेमकी बसतात. पुढे हवं ते करा. चमकी लावा, स्केचपेन वापरा, आणि हो, वर्तमानपत्रसुद्धा. मी स्वतः शब्दकोड्याचे चौकोन कापून त्यात मित्रमैत्रिणींची नावं भरते. कार्ड पोचावं, ज्याला दिलं त्याने हसावं, काही दिवस ते कपाटावर उभं राहावं, एवढंच त्याचं काम. कुणी जपून ठेवलं तर तो त्याचा चांगुलपणा. पुरवणीतली कृती कार्डांसाठी म्हणून आली असती तर मी कौतुकाचं पत्र लिहिलं असतं.

आपणाकडे विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत चार ओळींची चौकट द्यावी: फोटोच्या पानाला वर्तमानपत्र, सेलोटेप आणि स्केचपेन वापरू नये, त्यांच्याऐवजी आम्ल-लिग्निनविरहित कागद, फोटो कॉर्नर आणि पिगमेंट शाई घ्यावी. ज्यांनी कृती वाचून आधीच पानं केली आहेत त्यांनाही सांगावं की टेप ताजी असेल तोवर ती सहसा नीट निघते. हेअर ड्रायरची मंद ऊब पट्टीच्या एका टोकाला, फोटोपासून दूर धरून द्यावी आणि पट्टी सपाट उलटी मुडपत काढावी. टेप थेट फोटोवरच असेल तर ऊब देऊ नये. त्या फोटोची दुसरी प्रत काढून घ्यावी. हे जितक्या लवकर छापाल तितके फोटो वाचतील.

आपली नम्र,
ग्रंथालयाच्या बांधणी विभागातली एक निवृत्त कर्मचारी